तांडेलाचं मौन आणि श्यामसुंदर भाऊजी

डाळिंब्या अर्ध्याच सोलून झाल्या होत्या. कोमट पाण्यात मोड आलेले वाल, शेजारी सालांची ताटली, आणि पातेल्यात जेमतेम बूड झाकेल एवढे दाणे. गणपती तोंडावर आले होते, घर आवरायचं तसंच पडलं होतं, आणि तेवढ्यात श्यामसुंदर भाऊजी चपला न काढताच दारात येऊन उभे राहिले. चपला काढल्या तर सहज आले, न काढल्या तर काहीतरी बिनसलंय, हे मला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक आहे.

"वहिनी, एक विचारू? पोरं मला बोलावतायत ते ऐकायला की बघायला?"

"आधी आत या. आणि हात धुऊन बसा, डाळिंब्या सोलायच्यात."

हात धुतले, बसले, आणि सोलू लागले. साल एकीकडे, दाणा दुसरीकडे. विचारात असले की दाणा सालांत टाकतात. तो मी मुकाट्याने उचलून पातेल्यात टाकते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बुधवार पेठेतल्या दोन-दोन खोल्या सोडून आम्ही दोन्ही घरं एकदमच सहकारनगरच्या या सोसायटीत आलो; आम्ही पहिल्या इमारतीत, ते मागच्या. अंगाने काटकुळे. बँकेत कारकून होते. बँकेत संगणक आले, मागोमाग स्वेच्छानिवृत्तीचं पत्रक आलं, आणि भाऊजींनी ते भरून दिलं. तरी अजून सदऱ्याच्या खिशाला तीन पेनं असतात. पण या काटकुळ्या देहात देवाने आवाज ठेवलाय तो असा, की फोनवर बोलले तर समोरच्याला वाटावं फौजदार बोलतोय. तीस वर्षं तो आवाज काउंटरच्या काचेमागे "सही जुळत नाही" एवढंच म्हणत राहिला. एकाच ठिकाणी काय तो मोकळा सुटला, आणि ते म्हणजे आमच्या सोसायटीच्या गणपतीत.

तेव्हा मुलं लहान होती. उत्सवात एका संध्याकाळी भाड्याने व्हीसीआर आणायचा आणि खालच्या मोकळ्या जागेत सिनेमा लावायचा, अशी पद्धत होती. एका वर्षी कुणीतरी इंग्रजी सिनेमाची कॅसेट आणली. आकाशातली गोष्ट. एक जग विझत चाललंय, तिथली माणसं जहाजांत बसून ताऱ्यांमधून दुसऱ्या जगाकडे निघालीत. वाटेत एक काळा पट्टा लागतो, त्यात वाट दिसत नाही. पहिल्या दहा मिनिटांत मुलं चुळबुळ करू लागली, कारण इंग्रजी कुणालाच कळेना. मुलांना काय, मोठ्यांनाही. तेव्हा भाऊजींनी आरतीचा माईक उचलला आणि मराठीतून सांगायला सुरुवात केली.

आता त्यांना सगळं इंग्रजी कळत होतं असं माझं म्हणणं नाही. पण त्या आवाजापुढे कुणाला शंका काढायचं सुचलं नाही.

त्या जहाजावर एक म्हातारा होता. पांढऱ्या भुवया, चेहऱ्यावर सुरकुत्या. तो सगळ्यांत पुढे उभा राहायचा आणि हाताने दिशा दाखवायचा. बोलायचा एक अक्षर नाही. कोळ्यांच्या होडीवर वाट दाखवणारा म्होरक्या असतो, तसा म्हणून भाऊजींनी त्याला नाव दिलं तांडेल. खरं इंग्रजी नाव काय होतं ते आजही आमच्याकडे कुणाला सांगता येणार नाही. तांडेल पडद्यावर आला की भाऊजी माईक छातीशी धरायचे आणि स्वतःही गप्प व्हायचे. अख्खं अंगण गप्प. फक्त जहाजाची घरघर. मुलांना तेच सगळ्यांत आवडायचं.

"बोलत का नाही हो हा?" तळमजल्यावरच्या यमुनाबाईंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"मौन धरलंय," भाऊजी म्हणाले.

झालं. बाकीचं यमुनाबाईंनी लावलं. सगळी माणसं पैलतीरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, असं व्रत असणार, असं त्यांनी ठरवलं, आणि ते सगळ्यांना पटलं. मला तर फारच. मी एकादशीला सकाळी मौन पाळते. (त्यावर आमचे हे म्हणतात, एकादशी महिन्यातून दोनदाच का ठेवली असेल.) त्यामुळे आकाशात कुणीतरी आपल्यासारखंच करतंय, हे बघून मला कसं बरं वाटलं. पुढच्या दोन वर्षी त्या सिनेमाचे पुढचे दोन भागही आणले. दुसऱ्या भागात जहाज वाट चुकतं, तिसऱ्यात पोचतं. सगळी माणसं उतरतात आणि तांडेल उतरत नाही. मागे राहिलेल्यांना आणायला जहाज परत वळवतो. तेव्हा यमुनाबाईंनी टीव्हीला हात जोडले होते, आणि कुणी हसलं नव्हतं. मुलांनी तर पुढे कितीतरी वर्षं 'तांडेल तांडेल' हा खेळच काढला होता. जो आधी बोलेल तो बाद.

तर आता, मुलं मोठी होऊन हिंजवडीला बसने जाऊ-येऊ लागल्यावर, त्या सिनेमावाल्यांनी नवा सिनेमा काढला होता. पुढचा नाही, आधीचा. तांडेल तरुण होता तेव्हाचा.

"प्रीक्वेल म्हणतात त्याला," आमच्या आमोदने मला सांगितलं. आमोद माझा मुलगा, आणि यंदा उत्सव समितीचा चिटणीस. त्याने ऑफिसातून प्रोजेक्टर मागून आणायचं ठरवलं होतं, पांढरी चादर ताणून मोठ्ठा सिनेमा दाखवायचा. आणि जिन्याखालच्या फळ्यावर त्याच्याच अक्षरात लिहून टाकलं होतं: 'श्यामसुंदर काकांच्या निवेदनासह'.

"विचारायच्या आधी लिहिलंय," भाऊजी एक डाळिंबी चिमटीत धरून म्हणाले. "फळ्यावर वाचून मला कळलं की मी निवेदन करणार आहे."

"मग नाही म्हणा."

"तनयाही तेच म्हणते."

तनया त्यांची मुलगी, यंदा इंजिनियर होऊन कंपनीत लागलेली. ती म्हणाली होती, "बाबा, प्लीज. आता सगळ्यांना इंग्लिश कळतं. माझ्या ऑफिसमधले चौघं येणार आहेत. ते तुमच्याकडे बघतील की सिनेमा बघतील?"

म्हणजे भाऊजींचं दुखणं हे होतं. पोरांना आपण खरोखर हवे आहोत, की जुना रेडिओ माळ्यावरून काढून फडताळावर ठेवावा तसे मांडायला हवे आहोत? बँकेने घरी पाठवल्यापासून हा प्रश्न त्यांना सगळीकडेच पडायचा. दूध आणायला पाठवलं तरी. पण माईकची गोष्ट वेगळी होती. या माणसाला साऱ्या जन्मात टाळ्या पडल्या त्या तिथेच.

"आणि दुसरं म्हणजे," ते म्हणाले, "मी तो सिनेमा बघितला. आमोदच्या संगणकावर."

"कसा आहे?"

"तांडेल बोलतो, वहिनी."

माझा हात पाण्यातच थांबला.

"बोलतो म्हणजे? अखंड बोलतो. पहिल्या दृश्यापासून बडबड. जहाजावर बडबड, धक्क्यावर बडबड, एका पोरीपाशी तर विचारूच नका. आणि एका धक्क्यावर कुठल्याशा परक्या माणसाला बढाईच्या भरात काळ्या पट्ट्यातली वाट सांगून टाकतो. तो निघतो लुटारू. मागून येणारं जहाज लुटलं जातं, माणसं मरतात. मग याला न्यायासनापुढे उभा करतात आणि शिक्षा देतात, की यापुढे एकही शब्द उच्चारायचा नाही."

"शिक्षा?"

"शिक्षा."

"व्रत नव्हे?"

भाऊजींनी दाणा सालांत टाकला. या वेळी मीही तो उचलला नाही.

त्या रात्री जेवताना मी आमोदला विचारलं, "अरे, हा आधीचा सिनेमा काढायची काही गरज होती का?"

"काय आई! उलट आता सगळं कळतं. तो तसा का आहे याला कारण मिळालं."

"पण आम्ही हात जोडले तेव्हा तो शिक्षाच भोगत होता?"

"तेव्हा... तेव्हा त्यांचं काही ठरलेलंच नसणार. हे आत्ता सुचलंय त्यांना."

"मग तेव्हा तो गप्प कशासाठी होता?"

आमोदने पोळीचा तुकडा तोंडाशी नेऊन थांबवला. "तेव्हा कशासाठीच नव्हता, आई. नुसता गप्प होता."

झोपायच्या आधी जप करायला बसले तर बोटं मण्यांवरून नुसतीच फिरत राहिली. कीर्तनात बुवा कुणाचीही गोष्ट सांगताना मागच्या जन्मातला शाप सांगतात. त्याने माणूस लहान होत नाही, उलट कळवळा येतो. मग इथेच मला का खटकावं? असंही वाटलं, की शिक्षा म्हणून का होईना, एवढी वर्षं, कुणी बघायला नसताना त्याने ती पाळलीच ना? मग ते व्रतच नाही का झालं? पण मग तुरुंगात एक वेळ जेवणाऱ्याला उपास घडला म्हणायचं का? ह्यांना विचारलं. ह्यांनी दिवा मालवला आणि म्हणाले, "तुझी एकादशी कधी आहे?"

नाही म्हणायचं म्हणून भाऊजी दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी गेले, तेव्हा मी भाजी घेऊन येत होते. त्यांच्या हातात डस्टर होतं. आपलं नाव पुसणार म्हणून उभे होते. तेवढ्यात यमुनाबाई आपल्या दारातून म्हणाल्या, "काय श्यामसुंदर, तांडेलाचा नवा सिनेमा म्हणे! बरं झालं बाई. व्रत कुणाकडून घेतलं ते कळेल आता. मी पुढच्या खुर्चीवर बसणार आहे, माझ्याकडे तोंड करून सांग. हल्ली कानाने दगा दिलाय."

भाऊजींनी डस्टरने पाण्याच्या वेळापत्रकातला एक जुना दिवस पुसला आणि घरी गेले.

सिनेमाच्या दिवशी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि चादर ताणली. खाली सगळी जुनी मुलं आली होती. कुणाला टक्कल पडू लागलेलं, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या पट्ट्याला मोबाईल. तनयाचे ऑफिसातले चौघंही आले होते. ती त्यांना घेऊन मागे, स्कूटर लावतात तिथे उभी राहिली. बसायला खुर्च्या होत्या तरी उभी.

भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पेनं तीनच. माईक हातात घेतला, तर पहिला आवाज कर्र असा आला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "काका, सही जुळत नाही!" सगळे हसले. बघायलाच बोलावलं होतं म्हणायचं, असं माझ्या मनात आलं.

पण पडद्यावर तो तरुण पोरगा आला, आणि बोलू लागला, आणि भाऊजी त्याच्यावर तुटून पडले. काय सांगू! तो पोरगा एक वाक्य बोलायचा, भाऊजी दोन बोलायचे. त्याची बढाई, त्याचं थापा मारणं, त्या पोरीपुढची लाडीगोडी, सगळं अस्सल मराठीत. तो जहाजाच्या कप्तानाशी हुज्जत घालतो तिथे भाऊजींनी घातलं, "आपण फार मोठे कप्तान असाल, पण हे जहाज आहे, आपल्या तीर्थरूपांची सायकल नाही!" अंगण हसून लोळत होतं. यमुनाबाई पदराने डोळे पुसत होत्या. मी मागे वळून पाहिलं, तर तनयाच्या ऑफिसातला एकजण पोट धरून हसत होता, आणि तो बहुधा मराठीही नव्हता.

एवढं झाल्यावर ते न्यायासनाचं दृश्य आलं.

पोरगा मध्ये उभा. समोर उंच आसनावर एक वृद्ध बाई. सगळीकडे शांत. ती बाई पुटपुटल्यासारखं बोलू लागली आणि भाऊजींनी माईक तोंडाशी नेला. मी अगदी बाजूलाच बसले होते, म्हणून मला दिसलं. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. समोर यमुनाबाई, मान पुढे काढून, कानामागे हात धरून बसलेल्या. ती पडद्यावरची बाई बोलून संपली. भाऊजींच्या तोंडून शब्द नाही. मग त्यांनी माईक सावकाश छातीशी धरला.

आणि टाळ्या पडल्या. साध्या नव्हेत, शिट्ट्यांसकट. जुन्या मुलांना वाटलं, काकांनी आपली ती जुनी खूण केली. तांडेल गप्प झाला की काका गप्प. "काका, तोडलंत!" आमोद ओरडला. भाऊजी तसेच उभे. पुढचा सगळा सिनेमा ते तसेच उभे होते, कारण त्यानंतर तांडेल बोलतच नाही.

ते मुद्दाम केलं की शब्द फुटला नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. मी एवढ्या जवळ होते, तरी. दोन्हीत चेहरा सारखाच दिसतो.

सिनेमा संपल्यावर यमुनाबाई माझा हात धरून म्हणाल्या, "घेतलं बाई व्रत पोराने. किती चुका केल्या आधी, पण शेवटी घेतलं. त्या बाई म्हणजे गुरू असणार त्याच्या. हो ना, सत्यशीला?"

"त्यांच्यासमोरच गप्प झाला तो," मी म्हटलं. एवढंच म्हणता आलं. हे खरं की खोटं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही घरं आमच्याकडे जेवायला होती. भाऊजी सकाळपासून फारसं बोलले नव्हते. आमोद मात्र रंगात होता.

"काका, तो शेवटचा पॉज कसला भारी होता! आधीपासून ठरवलं होतंत ना?"

"वरण वाढ," भाऊजी म्हणाले.

"नाही, पण मला वाटतं हा सिनेमा यायलाच हवा होता. आता जुने तिन्ही परत बघताना वेगळेच दिसतील."

"म्हणूनच नको होता," तनया म्हणाली. "वेगळे कशाला दिसायला हवेत? मला जसे आठवतात तसे बरे होते. काकू, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं..." मी म्हटलं, आणि मला काय वाटतं ते मला सापडेना. "मीठ बरोबर आहे ना आमटीत?"

हे म्हणाले, "गरज होती का म्हणे! गणपतीपुढे पन्नास डेसिबलची गाणी लावायची गरज असते का? लावतात. ऐका नाहीतर कापूस घाला."

"पन्नास म्हणजे कुजबुज, बाबा," आमोद म्हणाला.

मग तनया भाताशी चाळा करत, बापाकडे न बघता म्हणाली, "पण बाबा, तिथेच नेमके का थांबलात तुम्ही? ती न्यायाधीश बाई काय बोलली ते मला कळलंच नाही. काय तो उच्चार! आमच्या चौघांपैकीही कुणाला कळलं नाही. ते मला विचारत होते, मी म्हटलं, बाबांना विचारून सांगते."

भाऊजींनी मान वर केली. मी त्यांच्याकडे बघत होते. सकाळपासून पहिल्यांदाच तो चेहरा जरा हलला.

"तुम्हाला सगळ्यांना इंग्रजी येतं ना?"

"बाबा. सांगा ना."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. घसा खाकरला. आणि मग तो आवाज, जेवणाच्या टेबलावर, माईकशिवाय: "ती म्हणाली, तुझ्या शब्दाने माणसं बुडाली. आता जी तरतील ती तुझ्या शब्दावाचून तरतील. जा, आणि जहाज चालव."

आमोदने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, कारण त्याने तो सिनेमा तीनदा पाहिला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की ती बाई नेमकं असं काही म्हणाली नसावी. पण उघडलेल्या तोंडात त्याने घासच घातला.

"म्हणजे शिक्षाच की," तनया हळूच म्हणाली.

"इंग्रजीत," भाऊजी म्हणाले, आणि भात कालवू लागले.

"आणि मराठीत?" मी विचारलं. राहवलंच नाही मला.

"मराठीत अजून बघतोय, वहिनी."

ही थट्टा होती, की त्यांनाही माझ्याइतकंच कळलं नव्हतं? तनयाने ती वाक्यं पुन्हा सांगायला लावली आणि मोबाईलवर बोटं दाबत ऑफिसातल्या चौघांना पाठवत बसली. मधूनच विचारायची, "'शब्दावाचून' की 'शब्दाशिवाय', बाबा?" आणि ते सांगायचे. त्यांनी तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा थोडं वेगळं, हे माझ्या लक्षात आलं. तिच्या आलं की नाही कोण जाणे. यमुनाबाईंना काय सांगायचं हा प्रश्न तर तसाच होता. त्या संध्याकाळी येणारच होत्या, आणि एकादशीही नव्हती की मला गप्प बसता यावं.

पानं उचलताना आमोदने आठवण केली की उद्या सोसायटीचा महाप्रसाद आहे आणि भाजीचं कुणी पाहिलेलं नाही. भाऊजींनी हात धुतले, माझ्याकडून दोन मोठ्या पिशव्या मागून घेतल्या, आणि बटाटे नि लाल भोपळे आणायला मार्केट यार्डात गेले.